चौकट काढलेलं घर

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा आमचं गाव धरणात गेलं. घर सोडताना प्रत्येकानं आधी दारं काढली, मग चौकटी, आणि शेवटी धाब्याचं छत तोलणाऱ्या मयाली. तसलं सागवान नव्या गावठाणात मिळणार नव्हतं. मागच्या खोलीची मयाल काढायला काका गुडघाभर पाण्यात शिरले आणि भिंत बसली, ते आतच राहिले. पुढचे दोन दिवस पाणी चढतच राहिलं. तिसऱ्या दिवशी अंगणात तीन पुरुष पाणी होतं.

तळ गाठू शकेल असा गावात मी एकटाच. डांबराच्या रिकाम्या पिपांचा तराफा केला. मोटेच्या नाड्याला जात्याची तळी बांधून ती काकांच्या दारासमोर सोडली. नाडा धरून उतरायचं, तोच धरून वर यायचं. नाड्यापासून कमरेपर्यंत सुतळी बांधावी असं मनात आलं होतं, पण घर पाठ होतं, म्हणून बांधली नाही.

"इथं विहिरीवानी पायऱ्या नाहीत बे," तराफ्यावर नाडा धरून बसलेला म्हातारा म्हणाला. "लय हुशारी नको दाखवू. लवकर ये."

मातीच्या भिंती विरघळून पाणी चहासारखं झालं होतं. डोळ्यांपुढे धरलेला हात दिसेना. चाचपत मागच्या खोलीत गेलो. मयालीखाली हाताला पाय लागला. थंड, गुळगुळीत.

मी वळलो. चौकट लागली की बाहेर, एवढंच डोक्यात होतं. पण चौकट आम्हीच बैलगाडीतून नेली होती. भिंतीला आता दोन भगदाडं होती, एक दाराचं, एक पडझडीचं. मी दुसऱ्यातून शिरलो. वर आलो तर डोकं धाब्याला खालून आपटलं. छाती फुटायला आली. तेवढ्यात हाताला दगडी गव्हाण लागली. म्हणजे हा गोठा, आणि गोठ्याचं तोंड अंगणाकडे. गव्हाणीला पाय लावून समोर रेटा दिला. नाडा गालाला घासला.

काठावरून काकूनं विचारलं, "हे भेटले का?"

"हो."

"मंग सोडून काऊन आला?"

दुसऱ्या बुडीत कमरेला सुतळी बांधली. सोबत दुसरा नाडा नेला आणि मयालीला दोन गाठी मारल्या. वरून सहा जणांनी ओढलं. मयाल हलली, तसे काका सुटले.

काठावर काकूनं त्यांच्या तोंडावरचा गाळ पदरानं पुसला. रडली नाही. मला जवळ बोलावलं.

"तोंड कोनीकडं होतं त्याह्यचं?"

"दाराकडं."

"म्हंजे निघून राह्यले होते."

"हो काकू, निघतच होते."

दुसऱ्या बुडीत मी नीट चाचपलं होतं. काकांचे दोन्ही हात मयालीभोवती होते. तोंड भिंतीकडे होतं.