पाण्याकाठचा सामना

माझे वडील धरणाच्या कामावर होते. तिथं कंपनीनं पगारी खेळाडू घेऊन चालवलेल्या फुटबॉल लीगचा नियम होता: दोन संघांनी एकेकदा एकमेकांच्या मैदानावर खेळायचं. धरणात बुडणाऱ्या गावाचाही संघ होता. त्याच्या गोलरक्षकाचं नाव मी संकोचानं कधी विचारलं नाही. मैदानाला पाणी लागलं, तेव्हा लीगचं काम बघणाऱ्या वडिलांनी त्याला शेवटचा सामना धरणावरच्या कामगारांच्या छावणीतच खेळायला सांगितलं.

"न्हाई सायेब. पाव्हणं कुनीबी हुतं. पाव्हण्याला गूळपानी द्यायला आपली जागा लागती. तुमी हितं या."

छावणीचा संघ गावात गेला. गोलरक्षकानं अनवाणी, चिखलात उभं राहून प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवला आणि गोलात जाऊन उभा राहिला. मागं पाणी चढत होतं. शिट्टी झाली, तरी बराच वेळ चेंडूला कुणी पाय लावला नाही.