विहिरीतला काळा दगड

मुलांनो, तुमच्या पणजोबांनी मेहकरच्या कचेरीतली नोकरी सोडायचं मनात घेतलं होतं, तेव्हाची ही आठवण.

जानेफळच्या आमच्या शेतात विहीर खणताना काळा, मऊ दगड लागला. हात लावला की बोटं काजळी लागल्यासारखी काळी होत. भंडारा-बालाघाटकडे मँगनीजच्या खाणींवर लोक श्रीमंत झाल्याचं तेव्हा जो तो सांगे. तुमच्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खणणं थांबवलं. सोमवारी साहेबांकडे राजीनामा द्यायचा आणि खाणीच्या परवान्यामागे लागायचं, असं ठरवून टाकलं. घर चालत होतं ते त्यांच्या पगारावर. आईचं जेवण कमी झालं.

मी अमरावतीच्या इंग्रजी शाळेतून सुटीला आले होते. वडिलांनी दगड माझ्यापुढे ठेवला. बरणीच्या बुडाच्या खरखरीत कडेवर मी तो ओढला. काळी रेघ उमटली आणि हे मँगनीजच, म्हणून वडील खूश झाले. मला मात्र धाकधूक लागली. मँगनीजचे असे मऊ, काळे दगड दोन, पायरोलुसाइट आणि वॅड, आणि रेघ दोन्हींचीही काळीच. पहिल्याला काचवाले चांगला भाव देतात, दुसऱ्याला कोणी विचारत नाही. पहिला हाताला जड लागतो. आमचा गोवरीसारखा हलका होता.

वडील म्हणाले, वरचा थर असाच असायचा, खाली जड माल लागेल.

वॅडच्या पोटात पाणी असतं, तापवलं की बाहेर येतं; पायरोलुसाइटमध्ये ते नसतं. विहिरीची ओल राहिली असेल, असं म्हणायला जागा नको म्हणून मी तुकडे उन्हात खडखडीत वाळवले. रविवारी ते तव्यावर ठेवून वर पितळी वाटी पालथी घातली, वाटीवर ओलं फडकं टाकलं. आम्ही तिघं चुलीपाशी बसलो. थोड्या वेळाने मी चिमट्याने वाटी उचलली. आतून थेंब ओघळले.

आईने वाकून पाहिलं.

"चला, विहिरीले पाणी तं लागलं."

"तुले हसू येऊन राह्यलं?" वडील म्हणाले.

"इतके दिवस मले रडूच येऊन राह्यलं होतं."

सोमवारी सकाळी वडिलांनी स्वतःजवळ जपून ठेवलेला एक तुकडा माझ्या हातात दिला. तळाशी निघालेला आहे, चांगला वाळलेला आहे, एवढंच म्हणाले. मी तव्याखाली विस्तव सारला. वाटी उचलायच्या आधीच ते रोजच्यासारखे कामावर जायला आरशापुढे पगडी बांधू लागले होते.