वहिनीचं पांढरं लुगडं

नाटकासाठी नातीच्या तोंडाला रंग लावताना तो जुना वास आला आणि मी थेट आष्ट्याच्या जत्रेत पोचलो.

सांगलीच्या कॉलेजात सर शिकवायचे, शोकांतिका बघून माणूस रडतो आणि मोकळा होतो. जत्रेतल्या नाटकात मी विधवा झालो होतो. अंगावर वहिनीचंच पांढरं लुगडं होतं. थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईत गेला होता. सगळा मांडव हुंदके देत होता. सरांचं खरं ठरलं म्हणून मी खूश.

घरी लुगडं परत देताना पाहिलं, नाटक बघून आलेल्या वहिनीचे डोळे कोरडे.

"आवं वैनी, तुमी रडला न्हाई?"

"लोकं रडली आन् घरला गेली, भाऊजी. तुमीबी लुगडं फेडून मोकळं झालासा. मला उद्याबी ह्येच नेसायचं हाय."

पदराला लागलेला माझा रंग धुऊन सकाळी ती तेच लुगडं ओलंच नेसली.