चालत्या कावडीचा खांदा

हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडून होतो. चमत्कार म्हणावं असं यात काही नाही, आणि मी काही मोठा भक्तही नाही. पण ज्याच्या कृपेने माझं नवं काम उभं राहिलं, त्याच्याविषयी गप्प राहणं बरं वाटत नाही.

नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अमरावतीला बी.कॉम. झालो आणि एका ट्रॅक्टर कंपनीत विक्रीला लागलो. टार्गेट आणि महिनाअखेरचे फोन यांत वर्षं गेली. पण नव्या पोरांना गिऱ्हाइकाशी कसं बोलावं ते समजावताना जे समाधान मिळे, ते ट्रॅक्टर विकून मिळत नसे. शेवटी राजीनामा दिला आणि विक्रीतल्या लोकांना प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. बाबा एकदा जेवताना म्हणाले, "बोलता येते तुले, मान्य. पण लोक तुह्यापाशी काऊन शिकतीन?"

पहिलं काम अकोल्यातल्या एका बियाणे कंपनीचं मिळालं. श्रावणातला शेवटचा सोमवार, म्हणजे अकोल्यातल्या कावडयात्रेचा दिवस, मध्ये होता, म्हणून एक दिवस शनिवारी आणि दुसरा मंगळवारी. शनिवारी मी दिवसभर एकटाच बोललो. कोणी तोंड उघडलं की त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर तयार. विक्रीत हीच माझी हुशारी समजली जायची, समोरच्याला नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही. दुपारनंतर निम्मे लोक मोबाइलमध्ये होते. तिथले सगळ्यात जुने विक्री अधिकारी गावंडे चहाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, तुमी आमाले शिकवून राहिले का ट्रॅक्टर विकून राहिले?" सगळे हसले, मीही हसलो. निघताना व्यवस्थापकांनी बाजूला घेऊन सांगितलं की मंगळवारही असाच गेला, तर पुढच्या तुकड्या रद्द होतील. माझ्याकडे दुसरं काम नव्हतं, आणि जुन्या जागेवर दुसरा माणूस आला होता.

रविवार लॉजवर स्लाइड सुधारण्यात गेला. त्या सुधारत नव्हत्या, नुसत्या वाढत होत्या. सोमवारी सकाळी खोलीत बसवेना, म्हणून बाहेर पडलो. त्या दिवशी गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी कावडीने चालत आणून अकोल्यातल्या राजराजेश्वर महादेवाला घालतात. अकोटच्या रस्त्याने एकामागे एक कावडी येत होत्या. कडेला उभा राहून मी मनात म्हणालो, महादेवा, कुठं चुकतंय ते दाखव, पण मला परत फिरवू नको. तेवढ्यात एका लहान मंडळाच्या कावडीखाली कुणाच्या तरी पायात गोळा आला, आणि मागच्याने मला हाक मारली, "या भाऊ, लावा खांदा." मी चपला सोडल्या आणि बांबूखाली शिरलो.

पाण्याची भरणी, म्हणजे भरलेले हंडे, बांबूला बांधलेली होती आणि पुढे-मागे माणसं होती. कावड वाटेत टेकवायची नाही, चालता चालताच खांदे बदलायचे, असा नेम. पण मला खांदा सोडवेना. दोघं बदलायला आले, दोघांना मान हलवून परत पाठवलं. एवढं तरी आपल्याच्यानं झालंच पाहिजे, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. माझी पावलं चुकायला लागली आणि भरण्यांतलं पाणी हिंदकळून रस्त्यावर पडू लागलं. तेव्हा एक अनोळखी माणूस न विचारता माझ्यापुढे बांबूखाली आला आणि हळूच म्हणाला, "सोड ना बाप्पा आता. तू अडून धरलं म्हणून पानी सांडून राहिलं." आवाजात राग नव्हता. मी बाजूला झालो. कावड जराही न थांबता पुढे गेली. मी रिकाम्या खांद्याने तिच्यामागे मंदिरापर्यंत चाललो आणि का कोण जाणे, डोळे भरून येत होते. गर्दीत त्या माणसाला शोधलं. तो पुन्हा दिसला नाही.

मंगळवारी मी स्लाइड लावल्याच नाहीत. गावंडेंना म्हटलं, तुम्हाला नाही म्हणालेला एखादा शेतकरी सांगा. ते माझ्याकडे बघत राहिले. ती शांतता भरून काढायची इतकी ओढ होती की मी मनात नाम धरून बसलो. शेवटी ते म्हणाले, "आमीच सांगाचं, तं मंग तुमी काय कराचं?" मी म्हणालो, "ऐकतो. मग इथलंच कोणी तो शेतकरी होईल, आणि तुम्ही त्याला परत बियाणं विकून दाखवा." नव्याने लागलेली एक मुलगी शेतकरी झाली. "मांगच्या सालीही तुमी असेच गोड बोलले होते," असं म्हणून तिने गावंडेंना असं अडवलं की हॉल हसून लोटपोट झाला. गावंडेही हसले, मग खरंच थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, इथं काय बोलाचं होतं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते मी गिळलं आणि त्या मुलीला विचारलं, तुम्हाला काय ऐकायला आवडलं असतं? ती म्हणाली, "मांगच्या साली काय झालं, ते आधी इचारा." गावंडेंनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं. मग जेवणाची सुट्टी होऊनही कोणी उठेना.

पुढच्या तुकड्या राहिल्या, आता आणखीही येतात. तयारी मी पूर्वीपेक्षा जास्त करतो, त्यात देवावर काही टाकत नाही. पण हॉलमध्ये उभा राहिलो की प्रश्न विचारून झाल्यावर थांबतो आणि गप्प राहतो. समोरच्याला त्याचं त्याचं सुचणं, ही माझ्या हातातली गोष्ट नाही. तेवढी जागा मी महादेवासाठी मोकळी ठेवतो. तो येतो, असा माझा अनुभव आहे.