माझे पहिले सासरे

आबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी यवतच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला बेरजा घालत होते. दौंडच्या आमच्या जुन्या वस्तीतले शेजारी, बाळूमामा, वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. टोपी त्यांनी हातात घेतली होती. तेवढ्यावरूनच मला काय ते कळलं. "सुमन, आबा गेलं. पहाटं, झोपंतच," ते म्हणाले. मी खडू ठेवला आणि हेडमास्तरांकडे रजा मागायला गेले. ते नुकतेच बदलून आले होते. "कोण होते तुमचे?" त्यांनी विचारलं. "सासरे," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. आमचे हे जवळच कासुर्डीच्या शाळेवर शिक्षक. दोघांची ओळख होती, आणि ह्यांचे वडील कधीच वारलेत हे त्यांना ठाऊक होतं. समजावून सांगण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. "पहिले सासरे," एवढंच म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि "या जाऊन" म्हणाले.

एसटीत खिडकीशी बसले. बाळूमामा शेजारी बसून काहीबाही सांगत होते, आबा रात्री नीट जेवले होते, कशाची तक्रार नव्हती... रडू येत नव्हतं. नुसतं दमल्यासारखं वाटत होतं. आज दीड महिना होत आला, तो शीण अजून अंगातून गेलेला नाही.

मी शिरूरची. वडील लहानपणीच गेले होते. मॅट्रिक झाले आणि दौंडला आबांच्या घरी सून म्हणून आले. आबा मूळचे मांडवगण फराट्याचे, पण उभं आयुष्य रेल्वेत गेलं. दौंडच्या लोको शेडमध्ये ते फिटर होते. वाफेच्या इंजिनांच्या धडधडाटात राहून त्यांना ऐकू कमी यायचं, आणि त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमतच नसे. घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी ते साऱ्या आळीला कळायचं. सासूबाई, म्हणजे आई, अगदी मितभाषी. त्यांचा एकुलता मुलगा वसंतराव, माझे पहिले यजमान, तेही आईंच्याच वळणाचे. दोन गप्प माणसांत एक मोठ्यानं बोलणारा, असं ते घर होतं. मला तिथं करमायला फार दिवस लागले नाहीत.

लग्नाला दोन वर्षं होत होती, तेव्हा वसंतरावांना टायफॉइड झाला. दुष्काळाचं साल होतं. दवाखान्यातून घरी आणलं, बरं वाटलं, पुन्हा ताप चढला, आणि ते गेले. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर आईंनी अंथरूणच धरलं. पहाटे उठून आबांचं अंघोळीचं पाणी तेवढं तापवायच्या, मग दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असायच्या. माझ्या हातचं खायच्या, पण माझ्याकडं बघायच्या नाहीत. आबा चार दिवसांत कामावर गेले. लोक म्हणाले, काळीज घट्ट आहे म्हाताऱ्याचं. मलाही तसंच वाटलं होतं... पण एका सकाळी ते दारात चपला घालून उभे राहिले आणि म्हणाले, "चल, नदीपतुर जाऊन येऊ. घरात बसून पाय आकडून जात्याल तुझं."

मग रोजच तसं सुरू झालं. पहाटे उजाडताना, त्यांच्या पाळीच्या आधी, आम्ही भीमेच्या दिशेनं चालत जायचो. नदीत तेव्हा पाण्यापेक्षा वाळूच जास्त. आबा पुढं, मी मागं. ते वसंतरावांबद्दल एक शब्द काढायचे नाहीत. कुणाच्या शेतात काय उभं आहे, कुणाची विहीर आटली, कोणतं इंजिन शेडला आलंय, असलं बोलायचे. कधी कधी तर काहीच नाही. परत आल्यावर मला भूक लागायची, आणि भूक लागते याची आधी लाज वाटायची. मी पानावर बसून घास चिवडत राहिले की आबा म्हणायचे, "जेव. तू उपाशी ऱ्हाऊन त्यो माघारी येत न्हाई." त्यांच्या आवाजात तेही शेजाऱ्यांना ऐकू जायचं.

रिटायर व्हायच्या आधी त्यांनी मला पुण्याला डी.एड.ला घातलं. नोकरी यवतला लागली. मी रोज पॅसेंजरनं जायची-यायची, आणि संध्याकाळी स्टेशनावर आबा घ्यायला उभे असायचे. एक दिवस घराकडं न वळता ते मला फलाटाच्या पार टोकाला घेऊन गेले, जिथं कुणीच नसतं. तिथं ते त्यांच्या मते हळू, म्हणजे आपण बोलतो तसं बोलले. "कासुर्डीला एक मास्तर हाय. बायको गेली त्येची. मी दोनदा जाऊन बगून आलोय. मानूस बरा हाय. तुझ्या मनात न्हाई आलं तर आत्ताच सांग, ह्यो इषय पुन्ना काढायचा न्हाई." समोरच्या रुळावरून मालगाडी जात होती. मालगाडी निघून गेली. मग मी विचारलं, "आईंना विचारलंत?" ते म्हणाले, "ती न्हाई म्हननार. तिला मी सांगंन."

त्यांनी सांगितलं. साऱ्या वस्तीनं ऐकलं. आई उठून बसल्या आणि कितीतरी वर्षांनी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "माझ्या लेकाची बायकू तुमी दुसऱ्याच्या घरी धाडता व्हय?" आबा म्हणाले, "लेक गेला, त्ये आपल्या हातात नव्हतं. हिला त्येच्या मागं जिती पुरायची का?" आई पुन्हा आडव्या झाल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. वस्तीतल्या विहारात, बुद्धाच्या मूर्तीसमोर आमचं लग्न लागलं. माझ्या बाजूनं, वडिलांच्या जागी आबा उभे होते. नवा सदरा घातला होता, आणि वंदना म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा सगळ्यांच्या वर होता.

लग्नानंतर आबा महिन्यातून एकदा यवतला यायचे. स्टेशनापासून आमच्या घरापर्यंतचं अंतर काही कमी नाही, पण ते कधी टांग्यात बसले नाहीत. येताना दौंडच्या बेकरीतले पाव आणायचे, हिवाळ्यात हरभऱ्याचा ढाळा. ह्यांना ते "मास्तर" म्हणत आणि अहोजाहो करत. मला मुलगी झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन सबंध दुपार बसले होते. माझा संसार बघून त्यांना आनंद व्हायचा, यात शंका नाही. पण एकदा मी दोरीवरचे कपडे काढत होते. ह्यांचा निळा सदरा हातात होता. आबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "वसंताला बी निळा लई आवडायचा," आणि एकदम थांबले. मी वळून पाहिलं तर ते तोंडावर पंचा धरून बसले होते. मी कपडे तसेच टाकून शेजारी जाऊन बसले. किती वर्षं झाली होती... मला वाटायचं, त्यांचं सगळं रडून, विसरून झालंय. त्या दिवशी मला समजलं, की दर महिन्याला माझ्या घराचा उंबरा ओलांडताना ते काय ओलांडत असतील. तरी ते येत राहिले.

आईंचा निरोप म्हणून त्यांनी कधी काही सांगितलं नाही. मी पापड, शेवया द्यायची. पुढच्या खेपेला विचारलं की म्हणायचे, "खाल्ल्या तिनं." ते खरं होतं की माझं मन राखायला, कुणास ठाऊक.

शेवटचे आले ते या हिवाळ्यात. वाटेत ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलेले आमच्या ह्यांना दिसले. ह्यांनी सायकलवर घेऊ म्हटलं, तर नको म्हणाले. घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "थकलो बग पोरी." हा शब्द त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदाच ऐकला. मी डॉक्टरचं काढलं. ते हसले. "आमच्या शेडात इंजिन जुनं झालं की बाजूला काढून ठिवत्यात. त्येला काय औषिद देत्यात?" मग बराच वेळ मुलीच्या केसांतून हात फिरवत राहिले, आणि खरोखरच हळू आवाजात म्हणाले, "मी गेल्यावर हिच्याकडं कोन बगंल?" 'हिच्याकडं' म्हणजे आईंकडं. मी म्हटलं, "मी येईन." ते म्हणाले, "ती बोलनार न्हाई तुझ्याशी." जरा थांबून म्हणाले, "तरी ये."

मी गेले. अंत्ययात्रेत बायका कुजबुजल्या, हिचं आता इथं काय नातं; मी ऐकलं आणि सोडून दिलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मांडवगणचे भाऊबंद परत गेले, हे मुलीला घेऊन यवतला गेले, आणि त्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. मी स्वयंपाक करायची, आई जेवायच्या, ताट बाजूला सरकवायच्या. दिवसभरात एक शब्द नाही. मला मनातून वाटायला लागलं होतं, की आबांनी मला न झेपणारं काम सांगितलंय. वय झालेल्या माणसाचं दुःख फार चिवट असतं. ते रडत नाही, भांडत नाही. नुसतं समोर बसून राहतं.

पण रोज पहाटे आई उठायच्या. मागच्या दारी जाऊन बंब पेटवायच्या आणि पाणी तापलं की पितळी बादलीत काढून न्हाणीत ठेवायच्या. आबांना लोकोच्या पहिल्या पाळीला जायचं असायचं म्हणून लग्न झाल्यापासून लागलेली ती सवय, ते रिटायर झाल्यावरही मोडली नव्हती. बादली ठेवली की त्या दाराशी जरा उभ्या राहायच्या. मग त्यांच्या लक्षात यायचं. पाणी तसंच निवून जायचं, आणि दुपारी त्या ते परड्यातल्या शेवग्याला घालायच्या. मी अंथरुणात पडून हे बघायची. त्यांना थांबवावं, असं मला एकदाही वाटलं नाही.

माझी रजा संपत आली होती. त्या दिवशी मला पहिल्या एसटीनं निघायचं होतं, म्हणून मी चुलीपाशी आवराआवर करत होते. आई न्हाणीच्या दाराशी होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पानी तापलंय. निवंल. घे आंग धुवून."

हातातली भांडी मी खाली ठेवली. मग टॉवेल घेऊन आत गेले. बादलीतून वाफा निघत होत्या. हात घातला आणि चटकन मागं घेतला. "आई, विसणाला गार पाणी घेऊ का?" मी आतून विचारलं.

बाहेर बंबाचं झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "त्ये घेत न्हवते."

मी पहिला तांब्या तसाच अंगावर घेतला. तेव्हापासून शनिवारी शाळा सुटली की मी दौंडला जाते, आणि रविवारी पहाटे ते पाणी वाया जात नाही.