चाकाला धरलं, होडीला नाही

मंडळी, काल माझ्या चाकाच्या फोटोंवर तुम्ही भरभरून शाबासकी दिलीत. ती आज परत घ्या.

मावसभावाने तडा गेला म्हणून टाकून दिलेलं ते रेसिंग सायकलचं कार्बन फायबरचं चाक. मी त्याचा एक्सल बदलून ते माझ्या साध्या सायकलला बसवलं आणि तडा फायबरच्या होडीला लावतात त्या रेझीनने भरला. एवढं तुम्हाला ठाऊक आहे.

रेझीन बाबांचं होतं, हे मी लिहिलंच नव्हतं. ते सुकून घट्ट व्हायला त्यात हार्डनर घालावा लागतो. माझं पहिलं मिश्रण फुकट गेलं, दुसऱ्यात हार्डनरची बाटली संपत आली. बाबांना कळू नये म्हणून मी बाटलीत पाणी भरलं. दिसायला दोन्ही सारखंच.

आज सकाळी बाबांनी त्याच बाटलीतून घेऊन होडीचं भोक बुजवलं. दुपारी बोट लावून बघितलं तर सगळं चिकट. संध्याकाळी बाकीच्या होड्या मासळीला गेल्या, आमची वाळूत पालथी.

मला वाटलं, आता दुकानदाराला शिव्या पडणार. पण बाबा स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "कालवताना माझाच कायतरी चुकला. धरूक नाय. उद्या तूच कालव रे. तुझ्या चाकाक कसा बरा धरला!"

मी नुसता "होय" म्हणालो.

त्याच चाकावरून या सायबर कॅफेत आलोय. नवीन हार्डनर खिशात आहे. उद्या होडीला धरेल, आणि बाबा मला शाबास म्हणतील. ती शाबासकी कुठल्या तोंडाने घेऊ, सांगा.