भट्टीचं गरम पाणी

बाळांनो, शाळेच्या प्रकल्पासाठी तुम्ही परवा फोनवर विचारलंत, वीजकेंद्रातला कंडेन्सर कसा चालतो. तुमच्या बाबाची सगळी नोकरी त्यातच गेली. तरी तो म्हणाला, "पाणी येतं, पाणी जातं, एवढंच लिहा." एवढंच नाही, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते आहे.

आपल्या घरी काजूच्या दारूची भट्टी होती. हंड्यात बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, आंबवलेला रस उकळायचा. वाफेची नळी गार पाण्याच्या टाकीतून जायची आणि पलीकडे थेंब थेंब दारू पडायची. कंडेन्सर तसाच, पण घराएवढा. टर्बाइन फिरवून आलेली वाफ त्यात शिरते. आत हजारो नळ्या, त्यांतून समुद्राचं गार पाणी वाहतं. नळ्यांना लागून वाफेचं पाणी होतं, तिची जागा रिकामी पडते, आणि त्या पोकळीकडे मागची वाफ जोराने ओढली जाते. वाफेचं झालेलं पाणी बॉयलरकडे परत जातं. समुद्राचं पाणी समुद्रात जातं, पण तापून.

आमच्या टाकीतलं पाणीही तापायचं. माझ्या सासूबाई ते खड्ड्यात निववून मगच व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडत, कारण व्हाळ खाडीला मिळतो. तुमचा बाबा हे बघत मोठा झाला.

वाडीत वीजकेंद्र येणार म्हणून सभा झाली, तेव्हा तो नोकरीला होता त्या कंपनीने समजवायला त्यालाच पाठवलं. आपला माणूस ना!

"ही आपली भट्टीच, जरा मोठी," तो म्हणाला.

खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, विकणारी आपली शेजारीण उठली. "तुझ्या आजयेन गरम पाणी कधी व्हाळात सोडल्यान नाय. तू खंय सोडतलस रे? माझे तिसरे थंयच उकडतलस काय?"

"काकी, दर्यो केवढो आसा! तेका काय ताप येतलो?"

सगळे हसले. मीही तिथेच बसले होते. ती एकटी हसली नाही.

त्या हसण्यावर वाडीने आपला काजूचा डोंगर कंपनीला विकला. कंपनीने काजूची झाडं तोडली, कुंपण घातलं, आणि पुढे वीजकेंद्र आलंच नाही. डोंगर परत मिळाला नाही. बोंडू नाहीत म्हणून भट्टी बंद पडली. तुमचा बाबा त्याआधीच परदेशी गेला होता. तो गावी का येत नाही, हे तुम्ही मला विचारता. त्याला विचारा.

शेजारीण रोज सकाळी टोपली घेऊन आपल्या फाटकावरून पुढे जाते, आता पूर्वीसारखी थांबत नाही. खाडीत तिसऱ्या अजून आहेत.